युद्धकाळातील दाणापाणी आणि प्रयोगशाळेतील मुके प्राणी

प्लेगचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडे पुण्याचे रँडसाहेब आणि चाफेकर बंधू आठवतात. नाशिककरांना त्याबरोबर भगूरही आठवते. १८९९ साली सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत याच रोगाने गेले. गावे ओस पडली, माणसे माळावर झोपड्या बांधून राहिली, हे आपल्या आजी-पणजींनी घरोघर सांगितलेले आहे. तो इतिहास सांगावयास आमची गरज नाही. आम्हांस सांगावयाचा आहे तो त्याच रोगाबरोबर सुरू झालेला, पण परळच्या एका जुन्या वाड्यात पिंजऱ्यांच्या रांगांमधून घडलेला आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात जगभर उघडा पडलेला असा दुसरा इतिहास. उंदीर, गिनीपिग आणि माकडे यांचा तो इतिहास आहे.

आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. बिडी कामगार आणि कारखान्यांतील मजूर यांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली, आणि जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी, सभा नसलेल्या संध्याकाळी झाले. त्यामुळे कोणताही मोठा शोध वाचला की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हजेरीपटाचा. हे काम प्रत्यक्ष कोणी केले? त्याला खायला काय मिळत होते आणि ते कोठून येत होते? वैद्यकशास्त्राच्या इतिहासाला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. युद्धकाळात मात्र तो आपोआप विचारला गेला, कारण त्या वेळी दाणाच मिळेनासा झाला.

प्रथम परळची गोष्ट. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन हा रशियात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने लशीचे काम सुरू केले. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी त्याने मांसाचा रस्सा वापरला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतूंच्या वसाहती त्या तुपाला धरून झुंबरासारख्या खाली लोंबत. आपल्या स्वयंपाकघरातले तूप असे शास्त्राच्या कामी आले! आधी प्राण्यांवर प्रयोग करून १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली.

लस सापडली, तरी रोग पसरतो कसा हे सर्वांस पटेल असे सिद्ध व्हावयाचे होते. कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्येच उंदरावरच्या पिसूकडे बोट दाखविले होते, पण त्याचे कोणी फारसे मानले नाही. मुंबईत कॅप्टन लिस्टन यांनी साथ लागलेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. उंदीर मेले, की त्यांच्या अंगावरच्या पिसवा उपाशी होऊन जे गरम रक्त भेटेल त्यावर उड्या घेतात. त्या गिनीपिगांच्या अंगावर सापडल्या. पुढे १९०५ पासून प्लेग कमिशनने परळला मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत हेच प्रयोग फार बारकाईने केले. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगावयाचा, दुसरा दोन फुटांवर. खालच्या पिंजऱ्यातला गिनीपिग मरे, वरचा जगे, कारण पिसूची उडी तेवढी उंच जात नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागद अंथरला तरी आतला प्राणी वाचे. इतका साधा प्रयोग, पण त्याने लाखो माणसांच्या घरात काय चालले आहे ते दाखविले. जमिनीवर झोपणाऱ्याला प्लेग आधी का गाठतो, याचे उत्तर त्या दोन फुटांत होते.

त्याच वेळी मुंबईत पालिकेचे कामगार रोज उंदीर पकडून किंवा मेलेले उचलून परळला पोहोचवीत होते. कमिशनने एका वर्षात तपासलेल्या उंदरांची संख्या लाखाच्या वर गेली. लाखभर उंदीर, प्रत्येकाला कोठे सापडला त्याची चिठ्ठी! त्या चिठ्ठ्यांवरून साथीचे नकाशे निघाले. प्लेगने भरलेल्या चाळींतून हातांनी मेलेले उंदीर उचलणारी ती माणसे कोण, त्यांना रोज किती मिळे आणि त्यांतले किती त्याच रोगाने गेले, हा आमच्या धंद्याचा प्रश्न. मुंबई महापालिकेने रात्री उंदीर मारणारे कामगार अगदी अलीकडच्या काळापर्यंत ठेवलेले आहेत. एका रात्रीत तीस उंदीर हा त्यांचा कोटा वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आला आहे, आणि कोटा म्हटला की कोटा न भरणाऱ्याच्या पगाराचे काय होते हे आमच्या ऐकणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

आता टंचाईकडे येऊ. प्रयोगशाळेतील प्राण्यांची पहिली टंचाई मुंबईत युद्धामुळे झाली नाही; ती प्लेगनेच केली. तीसएक वर्षे शहरात साथी येत राहिल्या, दुबळे उंदीर मरून गेले, आणि जे उरले त्यांच्या पिल्लांना रोग बाधेना. मुंबईत उंदीर ढिगांनी, पण लशीची कसोटी घ्यावयास त्यांतले बहुतेक निरुपयोगी, कारण लस न टोचताही ते जगत! मद्रास शहरात प्लेग कधी जोराने पसरलाच नव्हता, म्हणून तेथले उंदीर रोगाला लगेच बळी पडत. परिणाम असा की उंदरांसाठी बदनाम झालेल्या मुंबईस कसोटीसाठी मद्रासहून उंदीर आणावे लागले. सोखे आणि चित्रे यांनी १९३७ साली निरनिराळ्या शहरांतील उंदरांच्या या फरकावर निबंध लिहिला. नैसर्गिक निवड हा शब्द पुष्कळ ठिकाणी वाचण्यात येतो. आमच्या मते त्याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे नाही.

हे सोखे म्हणजे साहिबसिंग सोखे. १९३२ साली ते हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले हिंदी संचालक झाले. माणूस लष्करी डॉक्टर, पण मनाने राष्ट्रीय. १९३८ साली काँग्रेसने नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि औषधे देशात व सरकारी कारखान्यांत तयार व्हावीत हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मद्रासच्या रानटी उंदरांवर कायमचे अवलंबून राहणे त्यांना पटण्यासारखे नव्हते. रस्त्यावरून पकडलेल्या प्रत्येक उंदराचे वय वेगळे, वजन वेगळे, अंगातले जुने रोग वेगळे. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतच वाढविलेले लहान पांढरे उंदीर घेतले. लशीची ताकद अशा उंदरांवर मोजून ठरविण्याची पद्धत त्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केली. ठराविक वजनाचे, ठराविक खाण्यावर वाढलेले उंदीर. काहींना लस, काहींना नाही. मग सर्वांना जंतू टोचावयाचे आणि कोण जगले ते मोजावयाचे.

वर्ष लक्षात घ्या, १९३९. प्रयोगशाळा रस्त्यावरच्या उंदराकडून घरी वाढविलेल्या उंदराकडे वळली त्याच वर्षी सप्टेंबरात युद्ध पेटले. रस्त्यावरचा उंदीर आपले पोट आपण भरतो. पिंजऱ्यातल्या उंदराला दाणा द्यावा लागतो, दूध द्यावे लागते, पिंजरा धुवावा लागतो, त्याची पिल्ले वेगळी करावी लागतात. म्हणजे गहू लागतो आणि माणूस लागतो, रोज, सुट्टीशिवाय. पिंजऱ्यातला प्राणी हा सर्वार्थाने पगारावरचा प्राणी असतो.

आणि हाफकिन इन्स्टिट्यूट आहे कोठे? परळला, गिरणगावाच्या मध्यावर. युद्ध सुरू होताच भाव चढले, पगार होते तेथेच राहिले, आणि मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला व तेथला तांदूळ येणे थांबले. २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशन सुरू झाले. पुरे रेशन लागू झालेले हे देशातले पहिले मोठे शहर. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात माणसे गेली आणि गोदीतले धान्यही जळाले. ज्या शहरात कार्डावर मोजून धान्य मिळते तेथे पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यातही धान्य पडले पाहिजे, नाही तर लशीची कसोटी थांबते. आणि फौजेच्या काळात, दुष्काळाच्या काळात, लस थांबून चालत नाही. उंदराला द्यावे की माणसाला, असा प्रश्न वरवर दिसतो. पण उंदराच्या वाटचे मूठभर धान्य हा शहराच्या उपासमारीचा मुद्दा नव्हताच. साठेबाजांच्या गोदामांत काय होते, हा होता. कामगारांच्या सभांतून त्या काळी तेच बोलले जात होते.

उंदीर आणि माणसाचे ताट यांचा याहून सरळ संबंध दक्षिणेत, नीलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत जोडला गेला होता. रॉबर्ट मॅक्कॅरिसन या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पांढऱ्या उंदरांचे गट केले आणि एकेका गटास हिंदुस्थानातील एकेका प्रांताचे जेवण दिले. शीख गटाला गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी. मद्रासी गटाला सडलेला तांदूळ. आणि एक गट मराठ्यांच्या जेवणावर. वाढीत शीख जेवणाचे उंदीर पहिले आले, मग पठाण, मग मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि सर्वांत शेवटी मद्रासी. आमचा तिसरा नंबर वाचून आमच्या सभासदांनी टाळ्या वाजविल्या होत्या. त्यांना आम्ही सांगितले की हा जातीचा नंबर नाही, ताटाचा आहे. त्या उंदरांना जे दूध मिळाले ते तुमच्या पोरांना मिळते का? याच मॅक्कॅरिसननी पुढे एका गटाला विलायतेतील गरीब मजुराचे जेवण दिले: पांढरा पाव, मार्गारीन, गोड चहा, डब्यातले मांस. ते उंदीर खुरटले, चिडके झाले आणि आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले.

कुन्नूरला त्यांच्या जागी १९३५ मध्ये डॉ. ॲक्रॉईड आले. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला, आणि त्याची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशनवर याच ॲक्रॉईडांची नेमणूक झाली. उंदराला किती दाणा लागतो याचा हिशोब ठेवणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाला माणसांना तो का मिळाला नाही हे तपासावे लागले. त्या कमिशनने मृतांचा अंदाज पंधरा लाख दिला; पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बराच वर नेला आहे.

एवढ्या ओढग्रस्तीतही परळचे काम थांबले नाही. सल्फा जातीची नवी औषधे त्या सुमारास निघाली होती. सोखे आणि डॉ. भा. बा. दीक्षित यांनी प्लेग झालेल्या पांढऱ्या उंदरांवर ती वापरून पाहिली. सल्फाथायाझोल दिलेले उंदीर मोठ्या प्रमाणात जगले. मग वागळे, सोखे, दीक्षित आणि गणपती यांनी प्लेगच्या प्रत्यक्ष रोग्यांवरील उपचाराचा निबंध १९४१ साली प्रसिद्ध केला. जो रोग झाला की घरच्यांनी आशा सोडावयाची, त्याला प्रथमच खात्रीचे म्हणता येईल असे औषध मिळाले. तेही विलायतेत नव्हे, परळला आणि भर युद्धात. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

मुंबईची ही स्थिती, तर साम्राज्याच्या राजधानीत काय होते? तेथली टंचाई अधिकच उघडी होती. विलायतेत प्रयोगशाळांना प्राणी पुरविणारे मोठे कारखाने नव्हते. घराच्या परसात हौसेने गिनीपिग, ससे आणि उंदीर पाळणारी साधी माणसे चार पैशांसाठी ते विकीत. क्षयाचे निदान त्या काळी गिनीपिगाशिवाय पुरे होत नसे. रोग्याची थुंकी किंवा संशयित दूध गिनीपिगास टोचावयाचे आणि कित्येक आठवडे वाट पाहावयाची. युद्ध सुरू झाल्यावर पाळणारे फौजेत किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यात गेले, कोंडा आणि ओट यांवर नियंत्रण आले, आणि मांसाचे रेशन झाल्यामुळे लोक ससे प्रयोगशाळेला देण्याऐवजी स्वतःच्या भांड्यात घालू लागले. त्यांना दोष कोण देईल? युद्धात क्षय वाढतो, म्हणजे गिनीपिगांची मागणी वाढली त्याच वेळी पुरवठा आटला. हा धंदा परसातल्या हौशी माणसांवर सोडून चालणार नाही हे तेथल्या सरकारी वैद्यक संशोधन मंडळाला तेव्हा कळले, आणि १९४७ साली त्यांनी प्राण्यांच्या पुरवठ्यासाठी स्वतंत्र खाते उघडले. सोखे यांनी जे आठ वर्षे आधी ओळखले होते ते लंडनला युद्धाने शिकविले, असे आम्ही म्हटले तर त्यात थोडा स्वदेशाभिमान आहे हे खरे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. २५ मे १९४० रोजी, डंकर्कहून इंग्रज फौज पळ काढण्याच्या बेतात असताना, ऑक्सफर्डला फ्लोरी यांनी आठ उंदरांना जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार जगले, बाकीचे चार मेले. पेनिसिलिनचे युग तेथून सुरू झाले. आता गंमत अशी की पेनिसिलिन गिनीपिगाला मारक आहे. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर हे औषध विषारी म्हणून कदाचित कपाटात गेले असते. आपल्या पिंपरीचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, ज्यातून १९५५ साली उत्पादन सुरू झाले, तोही मग कोठून उभा राहिला असता?

उंदीर-गिनीपिग कोठेही वाढविता येतात. माकडाचे तसे नाही, आणि माकडांच्या बाबतीत टंचाईचे टोक थेट आपल्या देशात येते. तांबड्या तोंडाचे जे माकड उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र दिसते, ज्याला शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात, त्यावर विसाव्या शतकातील वैद्यकाचा मोठा भाग उभा आहे. रक्ताच्या चिठ्ठीवर आपण जे आर एच पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह वाचतो, त्यातली अक्षरे या माकडाच्या नावाची आहेत. हा शोध १९४० सालचा. पोलिओचा विषाणू तर त्या काळी माकडाशिवाय दुसऱ्या प्राण्यात वाढतच नसे. या माकडाचा मुलूख दक्षिणेकडे कोठे संपतो? जुन्या पुस्तकांत सीमा दिली आहे ती पश्चिमेस तापी आणि पूर्वेस आपली गोदावरी. पलीकडे टोपी घातल्यासारखे केस असलेले दक्षिणी वानर सुरू होते.

१९३८ साली क्लॅरन्स कार्पेंटर हा अमेरिकन अभ्यासक हिंदुस्थानात आला. युरोपात युद्धाचे ढग जमले होते. समुद्र बंद झाले तर अमेरिकेस माकडे मिळणार नाहीत, ही धास्ती होती. दुसरे असे की बाजारातून येणाऱ्या माकडांना बहुधा क्षय झालेला असे. त्याने उत्तरेत पकडलेली माकडे कलकत्त्याहून जहाजावर चढविली आणि कित्येक आठवड्यांच्या प्रवासानंतर डिसेंबरात पोर्टो रिकोजवळच्या कायो सँटियागो नावाच्या चिमुकल्या बेटावर सुमारे चारशे माकडे सोडली. युद्ध आलेच. जहाजे सैन्यासाठी गेली, पाणबुड्यांनी समुद्र धोक्याचा केला, हिंदुस्थानातून माकडे येणे जवळजवळ थांबले. पण त्या बेटावर खाण्यासारखे फारसे उगवत नव्हते; खाद्य बाहेरून आणावे लागे आणि त्यासाठी लागणारा पैसाही युद्धाबरोबर आटला. काही माकडे प्रयोगशाळांत गेली, उरलेल्यांची आबाळ झाली. टंचाई टाळण्यासाठी केलेली पेढीच टंचाईत सापडली. तरीही ती जात तेथे टिकली. आज त्या बेटावर जी माकडे आहेत ती सगळी या चारशे हिंदी माकडांची वंशज आहेत. मजूर म्हणून मॉरिशस आणि फिजीला गेलेल्या आपल्या लोकांची आठवण आम्हांस येथे आल्यावाचून राहत नाही.

टंचाईतून शास्त्राने वाटाही काढल्या. आर्मस्ट्राँग या अमेरिकन डॉक्टराने १९३९ साली पोलिओच्या विषाणूची एक जात आधी कापूस-उंदरात आणि मग साध्या पांढऱ्या उंदरात वाढवून दाखविली. तेवढ्यापुरते माकडाचे काम उंदराने केले. जावा बेट जपान्यांनी घेतल्यावर कोयनेलीचा पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकेत मलेरियाच्या नव्या औषधांसाठी चौदा हजारांच्या वर रसायने तपासली गेली, ती कोंबडीच्या आणि बदकांच्या पिल्लांवर, कारण पक्ष्यांनाही त्यांचा स्वतंत्र मलेरिया होतो.

युद्ध संपल्यावर टंचाई संपावयास हवी होती. ती उलट वाढली. १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीत, पेशींमध्ये वाढविला. जिवंत माकड आता लागणार नाही असे वाटले, पण लस मोठ्या प्रमाणावर करावयाची तर त्या पेशी माकडाच्या मूत्रपिंडातून घ्याव्या लागल्या. १९५५ साली साल्क यांची लस बाहेर पडली आणि उत्तर प्रदेशातील गावांतून, देवळांतून, रेल्वे स्टेशनांवरून माकडे पकडून परदेशी पाठविण्याचा धंदा इतका वाढला की पन्नासच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला लाखाहून अधिक माकडे देशाबाहेर जाऊ लागली. त्या १९५५ च्या जानेवारीतच लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत जवळजवळ चारशे माकडे गुदमरून मेली. देशात संताप उसळला, सरकारने निर्यात बंद केली, आणि थोड्याच दिवसांत अटी घालून पुन्हा सुरू केली. साउथविक आणि अलीगढचे सिद्दिकी यांनी १९५९-६० मध्ये उत्तर प्रदेशात माकडे मोजली तेव्हा कळपांत अल्पवयीन माकडे फारच कमी आढळली. व्यापाऱ्याला तीच हवी असत. अखेर १ एप्रिल १९७८ पासून मोरारजी देसाई यांच्या सरकारने निर्यात कायमची बंद केली, कारण ही माकडे अमेरिकेत अणुकिरणांच्या लष्करी प्रयोगांत वापरली जात असल्याचे उघड झाले. माणूस वाचविण्यासाठी म्हणून नेलेले माकड माणूस मारण्याच्या हिशोबासाठी वापरले गेले, हे वचनभंगाचे प्रकरण होते. तेवढ्यापुरता तो निर्णय आम्हांस सर्वस्वी योग्य वाटतो.

पण सगळाच प्रश्न इतका सोपा नाही. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी आहे. मारुतीचा जन्म तेथला असे आपण मानतो, आणि तेथल्या माकडाला चणे-फुटाणे घातल्यावाचून आपल्यातला कोणी पुढे जात नाही. आमच्याच वस्तीत पोलिओने पाय गेलेली, आमच्या वयाची माणसे आहेत. त्यांच्यातला एकजण बिडीची पाने कापीत बसलेला असताना त्याला आम्ही ही माकडांची हकिकत सांगितली. तो म्हणाला, "दादा, मला तो डोस वेळेवर मिळाला असता तर मी माकडाचे उपकार मानले असते." त्यावर आम्ही काय बोलणार?

हा सगळा जुना इतिहास म्हणून संपला असता, पण २०२० साली तो आपल्या महाराष्ट्रात पुन्हा घडला. युद्ध नव्हते, पण जहाजे, गाड्या आणि बाजार मात्र युद्धासारखेच बंद होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, जी १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, कोरोनाचा विषाणू वेगळा केला होता आणि त्यापासून हैदराबादेस लस तयार होत होती. माणसास टोचण्यापूर्वी ती ऱ्हीसस माकडांवर पाहावयाची होती. ज्या देशाने लाखो माकडे जगाला पाठविली, त्या देशात प्रयोगास लागतील अशी तरुण, निरोगी, पिंजऱ्यात वाढविलेली माकडे हाताशी नव्हती. प्राणिसंग्रहालयांकडे आणि संस्थांकडे विचारणा झाली. शेवटी महाराष्ट्र सरकारने तीस रानटी माकडे पकडण्याची परवानगी दिली आणि वनखात्याची माणसे शोधास निघाली.

आणि माकडे सापडेनात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात ही हकिकत दिली आहे. टाळेबंदीत हॉटेले बंद, देवळे बंद, रस्त्यावर खायला टाकणारा माणूस नाही. वस्तीतल्या खाण्यावर जगणारी माकडे अन्नाच्या शोधात रानात आत निघून गेली होती. कित्येक चौरस मैल तुडविल्यावर ती नागपूरच्या बाजूस मिळाली. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस मुंबई-आग्रा रस्ता दिसला. त्याच मे महिन्यात कसाऱ्याचा घाट चढून, इगतपुरी आणि नाशिकवरून, मुंबईचा मजूर डोक्यावर बोचके घेऊन उत्तरेकडे चालत होता. त्याचेही कारण तेच, जेथे राबत होता तेथले खाणे बंद झाले. विल्होळीपासून पुढे आडगावपर्यंत आमच्या संघटनेच्या लोकांनी पाणी आणि खिचडी वाटली. किती पुरी पडणार?

पकडलेली माकडे पुण्यास आणून तपासली आणि त्यांतल्या वीसांवर प्रयोग झाला. पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांस निरनिराळ्या रीतीने लस, चौथ्या गटास नुसतेच निरुपद्रवी इंजेक्शन. मग सर्वांच्या नाकातोंडात विषाणू सोडला. लस न मिळालेल्या पाचांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया आढळला. लस मिळालेल्यांनी विषाणू लवकर झटकून टाकला. परळच्या पांढऱ्या उंदरांची १९३९ सालची कसोटी आणि ही कसोटी यांत रीतीचा फारसा फरक नाही. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिन या लशीस आणीबाणीतील वापराची परवानगी मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात नाशिकच्या केंद्रांवर पहाटेपासून रांगा लागल्या. रोजाने काम करणाऱ्याला त्या रांगेत उभे राहावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवावी लागे. ती मजुरी कामगाराला मिळावी म्हणून त्या वेळी आम्ही मालकांशी भांडलो. काहींनी दिली, काहींनी अजून दिलेली नाही.